सुशीत दुधी, तळ्यातला मासा अन् आजोबांचा सवाल

सुशी म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्र उभा राहतो. पण जपानमध्ये आजही केली जाणारी सगळ्यात जुन्या पद्धतीची सुशी समुद्रातल्या माशाची नाहीच! बिवा नावाच्या गोड्या पाण्याच्या प्रचंड सरोवरातला मासा तिला लागतो, आणि तो मासा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला आहे. तापी, गिरणा, अंजनी या नद्यांच्या मुलखात राहणाऱ्या धरणगावकरानं सुशीला बिचकायचं कारण नाही.

आणि आता तर ती ताटात येऊन पडण्याची वेळ कुणावरही येऊ शकते. धरणगाव, एरंडोल, अमळनेरची पोरं पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. आईवडील, आजी-आजोबा चार दिवस राहायला गेले की रविवारी पोरं हट्टानं म्हणतात, "चला, आज काहीतरी वेगळं खाऊ." आमच्या पुतण्यानंही पुण्यात आम्हा सगळ्यांना असंच नेलं. त्या टेबलावर बसल्यापासून या पदार्थाबद्दल जे जे सापडलं, ते इथे मांडतेय. कुटुंबासोबत जाणार असाल तर फार कामाला येईल.

भात टाकायचा, मासा खायचा!

सुशीचा उगम आग्नेय आशियात, मेकाँग नदीच्या भातखाचरांच्या भागात झाला असं अभ्यासक मानतात. पावसाळ्यात मासे मुबलक, नंतर टंचाई. मग खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणानं मासा महिनोन्‌महिने टिकतो. खायच्या वेळी मासा घ्यायचा आणि भात चक्क फेकून द्यायचा. आज सुशीचा जीव भातात आहे, तेव्हा भात नुसता साठवणुकीपुरता होता.

ही रीत जपानला पोचली. इसवी सन ७१८ च्या योरो कायद्यात सरकारला द्यायच्या करांमध्ये सुशीचा उल्लेख आहे. म्हणजे लोक सुशीनं कर भरत होते! बिवा सरोवराकाठी हीच जुनी रीत 'फुनाझुशी' या नावानं टिकून आहे. मासा आधी मिठात मुरतो, मग भातात. सगळं मिळून वर्ष, कधी दोन वर्षं. वास उग्र, चव आंबट, आणि तिथल्या जुन्या माणसांना त्याचं विलक्षण कौतुक.

राजपुत्राची भेट

या फुनाझुशीच्या माशावर संकट आलं, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत शिकागोला गेले. त्यांना माशांच्या अभ्यासाची आवड. पुढे गोबी नावाच्या छोट्या माशांचे ते नावाजलेले संशोधक झाले. शिकागोच्या महापौरांनी त्यांना 'ब्ल्यूगिल' नावाचे मासे भेट दिले. युवराजांनी ते मायदेशी आणून सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेला दिले, लोकांना खायला एक मासा मिळेल या चांगल्या हेतूनं. ते मासे पसरत पसरत बिवा सरोवरात पोचले आणि तिथल्या मूळ माशांची अंडी-पिल्लं फस्त करू लागले. २००७ साली सम्राट असताना अकिहितोंनी बिवाकाठच्या ओत्सू शहरात भर सभेत याबद्दल खेद व्यक्त केला. सम्राटानं एका माशासाठी जाहीर खेद व्यक्त करावा, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या प्रांतात २००३ पासून नियम आहे: असा परका मासा गळाला लागला तर तो पुन्हा पाण्यात सोडायचा नाही.

आपल्याकडेही हीच कथा आहे. झपाट्यानं वाढतो म्हणून आणलेला आफ्रिकन मांगूर देशी मासे खातो, म्हणून त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो. बाजारात 'मांगूर' दिसला की तो देशी की परदेशी, हे विचारायलाच हवं.

समुद्र लांब? मग पानात बांधा

जपानमधल्या नारा प्रांताला समुद्रकिनारा नाही. तिथली खास सुशी तेंदूच्या कुळातल्या काकी झाडाच्या पानात गुंडाळलेली असते. किनाऱ्यावरून खारवलेला बांगडा डोंगर ओलांडून यायचा, त्याचे पातळ काप भातावर ठेवून पानात घट्ट बांधायचे. पानामुळे वास छान येतो, सुशी सुकत नाही, आणि हातात धरून खाता येते. खाऊन झालं की पान मातीत.

क्योतोचीही तीच तऱ्हा. ओबामा नावाच्या बंदरातून बांगड्याला मीठ लावून माणसं रात्रंदिवस डोंगरवाटेनं चालत निघायची. सत्तरेक किलोमीटर तुडवून क्योतोला पोचेपर्यंत मासा बरोब्बर मुरलेला असायचा! त्या वाटेला आजही बांगड्याची वाट म्हणून ओळखतात.

आपल्या आठवडे बाजारातली सुकट आणि बोंबील अशाच लांबच्या वाटेनं येतात. धरणगावची समुद्राशी ओळख तर फारच जुनी. इथल्या कापडासाठी इंग्रजांनी १६७४ साली गावात वखार घातली होती आणि माल सुरतेच्या बंदराकडे जायचा. आज सुरत-भुसावळ रेल्वे त्याच दिशेनं धावते.

पानांचं म्हणाल तर जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागांना तोटा नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. सुशीच्या डब्यात हल्ली जे हिरवं प्लॅस्टिकचं गवत खोचलेलं दिसतं, ते खऱ्या पानाची नक्कल आहे. पूर्वी तिथे बांबूचं किंवा दुसरं ताजं पान असायचं. एखाद्या हॉटेलात सुशी खऱ्या पानावर आली, तर मालकाचं जरूर कौतुक करा.

माळकरी आजीसाठी दुधी

आमच्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. जपानी हॉटेलात त्या काय खाणार, याची सगळ्यांना धास्ती. आणि समोर आला चक्क दुधी भोपळा!

जपानी लोक दुधीच्या गराच्या लांबच लांब पट्ट्या सोलतात, उन्हात वाळवतात, मग सोया सॉस आणि साखरेत शिजवून सुशीच्या सुरळीत घालतात. त्याला 'काम्प्यो' म्हणतात. फळ गोल गरगरीत असतं, पण वनस्पती तीच, आपल्या वेलावरची. जपानचा जवळजवळ सगळा काम्प्यो एकट्या तोचिगी प्रांतात होतो. हा प्रांतही समुद्रापासून आत आहे. तिथे ही शेती १७१२ साली एका सरदारानं दुसऱ्या प्रांतातून बी मागवून सुरू केली. वाळवणं घालण्यात ज्यांची हयात गेली, त्या आपल्याकडच्या बायकांना ही कृती एका नजरेत कळते. आजींनी पट्टी बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हाई ते आपलं दुधीनं वाळवण शे."

काकडीची सुरळी, लोणच्याच्या मुळ्याची सुरळी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात... बिनमाशाची सुशी जपानमध्ये रोजच्या खाण्यातली आहे, भारतीयांसाठी काढलेली सोय नव्हे.

मात्र माळकऱ्यांनी आणि जैन मंडळींनी एक गोष्ट नीट विचारावी. जपानी स्वयंपाकात 'दाशी' नावाचं पाणी जागोजाग वापरतात आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या किसापासून करतात. टोफूची पिशवी, काम्प्यो, मिसो सूप, अंड्याची गोडसर वडी या सगळ्यांत ते असू शकतं. डोळ्यांना मासा दिसत नाही, पण अर्क असतो. हॉटेलात विचारा: "दाशी कशाची आहे?" समुद्रशेवाळाची किंवा अळंब्यांची दाशीही असते, चांगली हॉटेलं ती करून देतात. आमच्या आजींसाठी स्वयंपाकघरातून खात्री करून मगच ताटली आली. वाढणाऱ्या मुलीनं तेवढं कष्टानं विचारून आणलं, हे मला फार आवडलं.

दारूच्या चोथ्यातून साम्राज्य

आजची सुशी, म्हणजे बोटभर भातावर माशाचा काप, ही १८२० च्या दशकात एदोत, म्हणजे आताच्या तोक्योत रूढ झाली. हानाया योहेई या सुशीवाल्याचं नाव त्यासाठी घेतात. तेव्हा ती रस्त्यावर उभ्या उभ्या खायची वस्तू होती आणि एकेक घास आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

पण झटपट सुशीसाठी भात झटपट आंबट व्हायला हवा. तांदळाचं शिरकं महाग. इथे हांदा गावचा नाकानो माताझाएमोन हा दारू गाळणारा कामी आला. त्यानं १८०४ पासून साके दारूच्या उरलेल्या चोथ्यापासून शिरकं काढलं. तांबूस, गोडसर आणि स्वस्त! एदोच्या सुशीवाल्यांनी ते उचललं आणि त्या चोथ्यावर उभी राहिलेली 'मित्सुकान' ही कंपनी आज जगभर शिरकं विकते. टाकाऊतून टिकाऊचं याहून चविष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मँचेस्टरची बाई, जपानची समुद्रमाता

सुशीभोवतीचं काळं-हिरवं कागदासारखं वेष्टण म्हणजे नोरी, समुद्रशेवाळ. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये नोरीचं पीक बसलं. सावरायचं कसं, हे कळेना: शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नोरी काढत होते, पण तिचं बी कुठून येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर दिलं इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी. लग्न झालेल्या स्त्रीला नोकरी द्यायची नाही, या नियमापायी मँचेस्टर विद्यापीठातली त्यांची अध्यापकी गेली होती. तरी त्या तिथेच संशोधन करत राहिल्या. किनाऱ्यावरच्या, नोरीच्याच कुळातल्या शेवाळावर काम करताना त्यांना दिसलं, की शिंपल्यांवर वाढणारा जो गुलाबी थर वेगळी वनस्पती समजला जात होता, ती त्याच शेवाळाची बाल्यावस्था आहे! १९४९ साली 'नेचर' नियतकालिकात त्यांचा छोटा लेख आला. जपानी शास्त्रज्ञांनी तो वाचला, शिंपल्यांवर नोरीचं बी धरायची युक्ती बसवली आणि बुडालेला धंदा उभा राहिला.

ड्रू-बेकर १९५७ साली वारल्या. जपानला त्या कधी गेल्याच नाहीत. कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक उभं आहे आणि दरवर्षी १४ एप्रिलला नोरीचे शेतकरी तिथे जमून 'समुद्राची माता' म्हणून त्यांना वंदन करतात. पोटापाण्याशी विज्ञान जोडणाऱ्या बाईला शेतकऱ्यांनी दिलेला हा मान वाचून माझा ऊर भरून आला.

पाण्याच्या चिंतेत उन्हाळे काढणाऱ्या खानदेशासाठी यातली मोठी बातमी ही, की नोरीला ना जमीन लागते, ना गोडं पाणी.

पट्ट्यावरून फिरणारी ताटली

कुटुंबानं मिळून सुशी खायला जावं, हे घडवलं ते योशिआकी शिराइशी यांनी. बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जाताना पाहून त्यांना कल्पना सुचली आणि १९५८ साली हिगाशी-ओसाकात फिरत्या पट्ट्याचं पहिलं सुशी हॉटेल सुरू झालं. वेग ठरवायला त्यांना बरेच प्रयोग करावे लागले. शेवटी जमला तो सेकंदाला ८ सेंटिमीटर: याहून संथ तर गिऱ्हाईक कंटाळतं, याहून जलद तर ताटली उचलता येत नाही आणि मासा सुकतो. १९७० च्या ओसाका प्रदर्शनानंतर ही पद्धत देशभर गेली. ताटलीच्या रंगावरून किंमत, शेवटी ताटल्या मोजायच्या. किती खर्च झाला ते डोळ्यांसमोर असतं, त्यामुळे घरचे वडीलधारे निश्चिंत.

एक खोट मात्र होती. फिरून फिरून शिळी झालेली सुशी फेकावी लागे. आता बरीच हॉटेलं पडद्यावर मागणी घेऊन हवी तेवढीच ताटली थेट टेबलापर्यंत सोडतात. चव वाचते, अन्नही वाचतं.

आजोबांचा सवाल

आमचे आजोबा गिरणेकाठचे, मासे पारखून खाणारे. लालसर काप समोर येताच त्यांनी विचारलं, "हाऊ मासा कोठला शे रे भाऊ?"

समुद्र न संपवता खायच्या, म्हणजे टिकाऊ सुशीचं सगळं शास्त्र या एका सवालात आलं. कुठला, कसा धरलेला, आणि कोणत्या महिन्यातला.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट रेल्वे स्थानकात कॅरोलाइन बेनेट यांनी १९९४ साली 'मोशी मोशी' हे फिरत्या पट्ट्याचं हॉटेल काढलं. मोठा निळपंखी ट्यूना समुद्रातून संपत चाललाय हे कळल्यावर त्यांनी १९९८ मध्ये तो यादीतून काढूनच टाकला. त्या काळात सुशीवाल्यानं ट्यूना नाकारणं म्हणजे मिठाईवाल्यानं पेढे बंद करण्यासारखं होतं. असाच निळपंखी ट्यूना २०१९ च्या जानेवारीत तोक्योच्या तोयोसु बाजारात, २७८ किलोचा एकच मासा, ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. पकडीवर मर्यादा घातल्यानंतर या माशांची स्थिती सुधारली. २०२१ मध्ये अटलांटिकमधल्या जातीला धोक्याच्या यादीतून बाहेर काढलं गेलं. मासा सोडला तर परत येतो, याचा हा पुरावा.

२००८ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचं 'ताताकी' आणि पोर्टलंडचं 'बांबू सुशी' टिकाऊ मासळीचाच वसा घेऊन उघडली. 'ताताकी'नं 'उनागी', म्हणजे गोड सॉस लावून भाजलेली वाम, काढून तिच्या जागी दुसरा मासा तसाच भाजून द्यायला सुरुवात केली. हे ध्यानात ठेवा, कारण नवख्या माणसाला "ही शिजवलेली आहे, हिच्यापासून सुरुवात करा" म्हणून हमखास उनागीच सुचवतात. जपानी वाम २०१४ पासून संकटग्रस्त यादीत आहे. तिची शेती होते खरी, पण त्यासाठी पिल्लं समुद्रातूनच धरावी लागतात. म्हणजे शेतीतल्या प्रत्येक वामेमागे समुद्रातलं एक पिल्लू कमी होतं.

आणि मला सगळ्यात भावलेलं घर: अमेरिकेतल्या न्यू हेवनचं 'मियाज'. योशिको लाई या आईनं १९८२ मध्ये ते काढलं, मुलगा बुन लाई यानं ते बदललं. त्यानं संकटातले मासे काढले, भाज्या वाढवल्या आणि उपद्रवी परके जीव ताटात आणले: किनारे व्यापणारे आशियाई खेकडे, विषारी काट्यांचा लायनफिश. जे वाढलेलं नको, तेच खायचं! २०१६ मध्ये त्याच्या कामाचा व्हाइट हाउसनं गौरव केला.

आता आपल्या घरचं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तेव्हा अनेक मासे अंडी घालतात. २०२३ साली चंदेरी पापलेट राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली; पापलेट १३५ मिलिमीटरच्या खाली धरायचंच नाही. 'नो युवर फिश' या उपक्रमाचं महिनावार कोष्टक सांगतं, पश्चिम किनाऱ्यावरचा कोणता मासा कधी खावा आणि कधी त्याला विणीसाठी सोडावा. केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना २०१४ मध्ये टिकाऊ मासेमारीचं भारतातलं पहिलं जागतिक 'एमएससी' प्रमाणपत्र मिळालं. आपल्याकडचा बांगडा लवकर वाढतो, लवकर वितो, स्वस्त असतो. मुंबई-पुण्यातल्या सुशीवाल्यांनी विमानानं आलेल्या माशापेक्षा रत्नागिरीच्या बांगड्यावर हात आजमावावा, अशी माझी मनापासून मागणी आहे.

कच्चं खायचं की नाही?

जपानी लोक पूर्वी सामन माशाची कच्ची सुशी खातच नव्हते! पॅसिफिकमधल्या सामनमध्ये जंत असतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. १९८० च्या दशकात नॉर्वेनं शेतीतला सामन विकायला तिथे मोहीम उघडली आणि कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर ती नारिंगी सुशी रुजली. आज तीच लहान मुलांची लाडकी आहे.

कच्च्या माशासाठी अमेरिकेतला नियम असा: उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवलेला हवा, म्हणजे जंत मरतात. घरच्या फ्रिजच्या भरवशावर हा प्रयोग करू नका. आणि नदी-धरणातला रोहू, कटला, मरळ कच्चा कधीही खाऊ नका. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्याचा कच्चा मासा खाण्याच्या सवयीनं यकृतातल्या कृमींचा आणि पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगाचा मोठा प्रश्न उभा राहिला. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनी शिजवलेलीच सुशी घ्यावी. हॉटेलात तिची कमतरता नसते.

हातानं खा, बिनधास्त!

जपानी काड्यांनी खाणं जमत नाही म्हणून आजी-आजोबांनी संकोचू नये. भातावर काप ठेवलेली सुशी हातानं खाणं जपानमध्येही रीतीला धरून आहे. भाताकडून सोया सॉसमध्ये बुडवली तर भात सुटतो, म्हणून उलटी करून माशाची बाजू टेकवायची. आल्याचं लोणचं सुशीवर ठेवायचं नाही, दोन घासांच्या मध्ये खायचं. आणि ती हिरवी तिखट गोळी? खरा वासाबी महाग, म्हणून बहुतेक ठिकाणी पांढऱ्या मुळाचा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग असतो. नाकात जाणारी झणझण मोहरीच्या कुळाचीच.

एक अख्खी सुरळी, तोंड बंद

३ फेब्रुवारीच्या सुमाराला, ऋतू बदलायच्या सणाला, जपानी कुटुंबं एक जाडजूड सुरळी न कापता, शुभ दिशेला तोंड करून, एक शब्द न बोलता संपवतात. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे गप्प! पण दुकानांनी ढिगानं सुरळ्या केल्या आणि रात्री कचऱ्यात गेल्या. लोक इतके अस्वस्थ झाले, की २०१९ च्या जानेवारीत जपानच्या कृषी मंत्रालयानं दुकानांना खपेल तेवढ्याच करा असं सांगितलं.

धरणगावच्या ओट्यावर

घरी करायची तर मासा नकोच. जळगावचं भरताचं वांगं घ्या. त्यालाही २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि जपानी लोक भाजलेलं वांगं सुशीवर आवडीनं ठेवतात. वांगं काड्यांच्या जाळावर भाजून, सोलून, लांब पट्ट्या करा. मीठ आणि लिंबाचे चार थेंब. चिकट शिजणारा इंद्रायणी तांदूळ मऊ शिजवून कोमट असताना शिरकं, साखर, मीठ कालवा. नोरी नसेल तर धुवून पुसलेलं, विस्तवावर धरून नरम केलेलं केळीचं पान घ्या; ते खायचं नाही, नुसतं बांधायचं. भात पसरा, वांगं ठेवा, हवी तर काकडी आणि हिरव्या मिरचीची एक चीर. घट्ट गुंडाळा, दहा मिनिटं ठेवा, पातळ ओल्या सुरीनं कापा. फ्रिजमध्ये ठेवलात तर भात कडक होतो, म्हणून केली त्याच जेवणाला संपवा.